रक्तातली कावीळ : समज, गैरसमज आणि प्रतिबंध

(पेडगाव येथे वर्षावास व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



तथागत भगवान बुद्ध, राष्ट्रपिता जोतीराव फुले आणि बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन करून आम्ही आपल्याशी चार शब्द बोलणार आहोत.

संयोजकांनी 'हिपॅटायटिस बी' हा विषय आमच्या गळ्यात घातला तेव्हा आम्ही संकोचलो. आम्ही डॉक्टर नाही, वैद्य नाही. कला शाखेची पदवी घेतली आणि बँकेत कारकुनी पत्करली. आमचा जन्माचा संबंध जमा आणि नावे या दोन रकान्यांशी. तरीही आज उभे राहिलो, कारण हा आजार आमच्या घरात आहे, आमच्या स्वतःच्या रक्तात आहे. हे वाक्य दहा वर्षांपूर्वी चारचौघांत उच्चारण्याची आमची हिंमत झाली नसती. आज का झाली, ते भाषणाच्या ओघात कळेलच.

शिबिरातून आलेला निरोप

२०१२ सालची गोष्ट. चौदा एप्रिलच्या जयंतीनिमित्त रक्तदान शिबिर होते. दरवर्षीप्रमाणे पोरांबरोबर आम्हीही रक्त दिले, बिस्किटाचा पुडा आणि प्रमाणपत्र घेऊन घरी आलो. दोन आठवड्यांनी रक्तपेढीतून निरोप आला, 'एकदा समक्ष येऊन भेटा.' तिथल्या समुपदेशक बाईंनी शेजारी बसवून घेतले आणि हळू आवाजात सांगितले की, आमचे रक्त कोणालाही देता येणार नाही, त्यात 'बी' प्रकारच्या काविळीचा विषाणू आहे.

आम्ही म्हणालो, "बाई, काही तरी चूक होतेय. आम्हाला आयुष्यात कधी कावीळ झालेली नाही."

त्या म्हणाल्या, "बहुतेकांना होतच नाही. म्हणून तर कळत नाही."

मग घरातल्या सर्वांची तपासणी झाली. पत्नी आणि दोन्ही लेकरे यांचे अहवाल निर्मळ आले. आईचा मात्र आमच्यासारखाच आला.

आता थोडे मागे जावे लागेल. आमचे थोरले बंधू २००४ साली वारले. वय छत्तीस. निर्व्यसनी माणूस. बाविसाव्या वर्षी बावीस प्रतिज्ञा म्हटल्या, त्यातली दारू न पिण्याची प्रतिज्ञा त्यांनी अक्षरशः पाळली. वारण्याच्या चार वर्षे आधी त्यांचे डोळे पिवळे झाले होते. शेजारच्या गावातल्या एका म्हाताऱ्या बाबांनी सात सकाळी भुईआवळीचा रस ताकातून दिला. डोळे पांढरे झाले. सगळ्यांनी निःश्वास सोडला. आज कळते की, त्या वेळी कावीळ उतरली होती, आजार उतरला नव्हता. चार वर्षांनी पोटात पाणी झाले, पाय सुजले, रक्ताची उलटी झाली आणि सहा महिन्यांत माणूस गेला. पोट फुगून मेलेल्या माणसाबद्दल गाव काय बोलते, हे आपणास सांगायला नको. 'चोरून पीत असेल.' आईने आठ वर्षे हे ऐकले.

बंधूंच्या रक्ताची ही तपासणी कधी झालीच नाही. त्यामुळे छातीठोकपणे काही म्हणता येत नाही. पण स्वतःचा आणि आमचा अहवाल समजल्यावर आईने एवढेच विचारले, "मग तो पीत नव्हता, हे आता लोकांना कोण सांगणार?"

बांधवहो, म्हणून आज आम्ही सांगतो आहोत.

काविळी अनेक, नाव एक

आपण सगळ्याला 'कावीळ' म्हणतो. मुळात कावीळ हा रोग नव्हे, ते लक्षण आहे. ताप जसा मलेरियाचाही असतो आणि टायफॉइडचाही, तसेच हे. बरगड्यांच्या खाली उजव्या अंगाला यकृत असते. मटणाच्या दुकानात आपण ज्याला काळीज किंवा कलेजी म्हणतो ते हेच. हा आपल्या शरीराचा मोठा कारखाना. अन्नातून आलेले पदार्थ साठवणे, रक्त गोठण्यासाठी लागणारी द्रव्ये तयार करणे, विषारी पदार्थांचा निचरा करणे, ही त्याची कामे. जुन्या रक्तपेशी मोडताना एक पिवळे द्रव्य तयार होते, तेही यकृतच बाहेर टाकते. यकृत सुजले की हे द्रव्य रक्तात साठते आणि डोळे, लघवी, कातडी पिवळी दिसू लागते.

यकृताला सूज आणणारे प्रमुख विषाणू पाच. त्यांना ए, बी, सी, डी आणि ई अशी नावे आहेत. यांचे दोन गट लक्षात ठेवले तरी पुष्कळ झाले.

ए आणि ई हे तोंडावाटे येतात, म्हणजे घाणीने दूषित झालेल्या पाण्यातून आणि अन्नातून. १९५५-५६ च्या हिवाळ्यात दिल्लीत यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळले आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. जपून ठेवलेल्या रक्तनमुन्यांवरून पुढे कळले की तो ई विषाणू होता. आपल्या महाराष्ट्रात इचलकरंजीला २०१२ साली अशीच पाण्यातून साथ आली आणि हजारो लोक आजारी पडले. ही कावीळ बहुधा काही आठवड्यांत आपोआप उतरते. गरोदर बाईला मात्र ई विषाणू जीवघेणा ठरू शकतो, हे विसरू नये.

बी आणि सी हे रक्तावाटे येतात. ते अंगात मुक्काम ठोकू शकतात. डी हा स्वतंत्रपणे काही करू शकत नाही, तो बी च्या आश्रयाने राहतो.

बी विषाणू अंगात शिरल्यावर लक्षणे दिसायला एक ते सहा महिने लागतात. पुष्कळांना लक्षणे दिसतच नाहीत. आता यातला सर्वांत महत्त्वाचा हिशेब सांगतो. धडधाकट प्रौढ माणसाला लागण झाली तर शंभरातले पंच्याण्णव जण स्वतःच्या प्रतिकारशक्तीने विषाणूला बाहेर काढतात. पण जन्मताना आईकडून बाळाला लागण झाली, तर शंभरातल्या नव्वद बाळांच्या अंगात तो कायमचा राहतो. म्हणजे माणूस जितका लहान, तितका धोका मोठा.

आमच्या बँकेत काही खाती निष्क्रिय असतात. वर्षानुवर्षे व्यवहार नसतो, खातेदारही विसरून गेलेला असतो. पण खाते बंद झालेले नसते. हा विषाणू तसाच वीस-वीस, तीस-तीस वर्षे यकृतात स्वस्थ बसतो. माणूस शेतात राबतो, लग्न करतो, लेकरे होतात. आतल्या आत यकृतावर व्रण पडत जातात, ते निबर होते. यालाच सिरॉसिस म्हणतात. काहींना यकृताचा कर्करोग होतो. सर्वांनाच असे होत नाही. पण ज्यांना होते, त्यातल्या बऱ्याच जणांना ते फार उशिरा कळते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात सुमारे २५ कोटी ४० लाख माणसे बी विषाणू घेऊन जगत होती. त्यातली जवळपास ३ कोटी आपल्या भारतातली. त्या एका वर्षात जगात ११ लाख माणसे याच आजाराने गेली.

कसा पसरतो आणि कसा पसरत नाही

हा विषाणू रक्तातून आणि शरीरातल्या काही स्रावांतून पसरतो. एड्सच्या विषाणूपेक्षा तो पन्नास ते शंभर पट अधिक संसर्गजन्य मानला जातो. वाळलेल्या रक्ताच्या डागात तो किमान सात दिवस जिवंत राहतो. त्यामुळे त्याच्या वाटा नीट ओळखल्या पाहिजेत.

पहिली वाट, बाळंतपणात आईकडून बाळाला. आपल्या देशात ही फार मोठी वाट आहे. दुसरी, सुई. आमच्या लहानपणी काचेची सिरिंज आणि तीच सुई डबीत उकळून दिवसभर वापरत. उकळण्याला वेळ किती दिला, हे कोण बघत होते? २००९ साली गुजरातमधल्या मोडासा भागात वापरलेल्या सिरिंजा पुन्हा वापरल्यामुळे या आजाराची मोठी साथ आली आणि कित्येक माणसे दगावली. तिसरी, न तपासलेले रक्त. १९८२ साली 'कुली' चित्रपटाच्या वेळी अमिताभ बच्चन जखमी झाले, तेव्हा दिलेल्या रक्तातून त्यांना हाच विषाणू लागला. आपले पाऊण यकृत त्यामुळे निकामी झाले, हे त्यांनी स्वतः जाहीरपणे अनेकदा सांगितले आहे. आज रक्तपेढीत प्रत्येक पिशवी तपासल्याशिवाय देता येत नाही. पैसे घेऊन रक्त विकण्याची पद्धतही सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर बंद झाली. चौथी वाट, शरीरसंबंध. पाचवी, न्हाव्याचे ब्लेड, कान टोचण्याची सुई आणि गोंदण.

गोंदणाबद्दल विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगतो. हल्ली आपली पोरे मनगटावर 'जयभीम' किंवा बाबासाहेबांची सही गोंदवून घेतात. त्यामागची भावना आम्हाला समजते. पण जत्रेत एकाच सुईने आणि एकाच वाटीतल्या शाईने पन्नास जणांना गोंदतात. ज्यांनी आपल्याला शिकायला सांगितले त्यांचे नाव अंगावर घेताना सुई नवी आहे का, शाई कोरी आहे का, एवढे विचारायला आपण शिकलो नाही तर काय उपयोग?

आता हा आजार कशाने पसरत नाही ते ऐका. हस्तांदोलनाने नाही, एका ताटात जेवल्याने नाही, खोकल्या-शिंकल्याने नाही, डास चावल्याने नाही, एकाच पेल्याने पाणी प्यायल्याने नाही. बाळाला लस दिलेली असेल तर आईच्या दुधानेही नाही. दाढीचे ब्लेड, दात घासण्याचा ब्रश, नखे कापायचे यंत्र एवढ्या वस्तू मात्र वेगळ्या ठेवाव्यात, कारण त्यांना रक्त लागलेले असू शकते.

पेल्याचा उल्लेख आम्ही उगीच केला नाही. आमचा अहवाल आल्यानंतर आठच दिवसांत घरात आमची कपबशी वेगळी झाली. कोणी वाईट हेतूने केले नाही. एका नातलगाने भीतीपोटी सुचवले आणि ती फडताळाच्या कोपऱ्यात वेगळी जाऊन बसली. आमच्या लक्षात यायच्या आधी आईच्या लक्षात आले. आईचे वडील गावातल्या हॉटेलाबाहेर कुडात खोचलेली कपबशी स्वतः काढून, स्वतः धुऊन, वरून ओतलेला चहा पीत. आईने ते लहानपणी डोळ्यांनी बघितलेले. तिने आमची कपबशी उचलली, सगळ्यांच्या कपबश्यांत मिसळली आणि म्हणाली, "हे माझ्या बापानं सोसलं. माझ्या घरात नको."

आपण या देशात अस्पृश्यतेविरुद्ध लढलेली माणसे आहोत. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेणाऱ्यांची आपण लेकरे-नातवंडे. आपल्याच घरातल्या आजारी माणसाचा पेला आपण वेगळा ठेवला, तर ते वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने अडाणीपणाचे आणि आपल्या इतिहासाच्या दृष्टीने लाजिरवाणे आहे. विनयपिटकात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी पडलेला एक भिक्खू आपल्याच घाणीत पडून होता आणि इतर भिक्खू त्याच्याकडे फिरकत नव्हते. भगवंतांनी आनंदासह त्याला स्वतःच्या हाताने आंघोळ घातली, उचलून मंचकावर ठेवले, आणि आजाऱ्याची सेवा ही आपलीच सेवा समजावी असा उपदेश संघाला केला. घरात रुग्ण असेल तेव्हा हा प्रसंग आठवावा.

शोध आणि लस

या विषाणूचा शोध लागला तो योगायोगाने. बारूच ब्लूमबर्ग हे अमेरिकन डॉक्टर जगभरच्या माणसांचे रक्त गोळा करून त्यातले फरक अभ्यासत होते. ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी माणसाच्या रक्तात त्यांना एक अनोळखी घटक सापडला. १९६५ साली त्यांनी त्याला 'ऑस्ट्रेलिया अँटीजेन' असे नाव दिले. पुढे कळले की ते बी विषाणूच्या कवचातले प्रथिन आहे. आजही आपल्याकडे काही प्रयोगशाळा या तपासणीला 'ऑस्ट्रेलिया अँटीजेन' म्हणतात, त्याचे कारण हेच. शास्त्रीय भाषेत तिला 'एचबीएसएजी' म्हणतात. एक थेंब रक्त आणि काही मिनिटांचा अवधी, एवढ्यात ती होते. ब्लूमबर्ग यांना १९७६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. २८ जुलै हा त्यांचा जन्मदिवस जगभर हिपॅटायटिस दिन म्हणून पाळला जातो, आणि तो साधारणपणे आपल्या वर्षावासाच्या आसपास येतो.

लस १९८०च्या दशकात आली. तैवानने १९८४ पासून नवजात बाळांना ती देणे सुरू केले आणि पुढे तिथल्या मुलांमधला यकृताचा कर्करोग कमी झाल्याचे आढळले. लस टोचून कर्करोग टळतो, हे जगाने प्रथम याच लसीने पाहिले. पण परदेशी लस आपल्या गरिबाच्या आवाक्याबाहेरची होती. हैदराबादच्या वरप्रसाद रेड्डी यांनी आपल्या आईच्या नावाने 'शांता बायोटेक्निक्स' ही कंपनी काढली आणि १९९७ साली देशी लस बाजारात आणली. त्यानंतर लसीची किंमत झपाट्याने उतरली. सरकारने २००२-०३ मध्ये काही जिल्हे व शहरांत प्रायोगिक सुरुवात केली, २००७-०८ मध्ये महाराष्ट्रासह दहा राज्यांत आणि २०११ पासून सर्व देशात ही लस बालकांच्या मोफत लसीकरणात आली.

आज सरकारी दवाखान्यात बाळाला पहिला डोस जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत आणि पुढे सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यात पेंटाव्हॅलेंट या एकत्रित लसीतून डोस दिले जातात. यातला पहिला डोस सर्वांत मोलाचा, कारण आईकडून बाळाकडे जाणारी वाट तोच अडवतो. घरी बाळंतपण झाले की हाच डोस हुकतो. म्हणून बाळंतपण दवाखान्यातच व्हावे, हा आमचा सर्व माता-भगिनींना आग्रह आहे. आईच्या रक्तात विषाणू असल्याचे आधी कळले तर बाळाला लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनचे इंजेक्शनही देता येते, आणि गरज असल्यास आईला शेवटच्या महिन्यांत गोळ्या देता येतात. आमच्या आईच्या वेळी यातले काहीच नव्हते. तिचा काय दोष?

झाडपाल्याचे काय?

हा विषय निघाला की सभेत कोणीतरी उठून विचारतेच, 'साहेब, आमच्याकडे अमुक गावचा बाबा औषध देतो, हमखास गुण येतो, त्याचे काय?' प्रश्न रास्त आहे. त्याला हसून उत्तर देऊ नये.

जीवकाची कथा आपणास ठाऊक आहे. तक्षशिलेत शिक्षण पुरे होत आले तेव्हा आचार्यांनी त्याला भोवतालच्या प्रदेशात हिंडून औषधी नाही अशी वनस्पती शोधून आणायला सांगितले. जीवक रिकाम्या हाताने परतला, तशी वनस्पती त्याला सापडलीच नाही. पण कथेचा दुसरा अर्थही घ्या. प्रत्येक वनस्पतीत गुण आहे हे कळायला जीवकाला सात वर्षे अभ्यास करावा लागला. कोणता पाला, कोणत्या रोगावर, किती, हे कळल्याशिवाय पाला हे औषध होत नाही.

भुईआवळी घ्या. पावसाळ्यात आपल्या कापसात आणि सोयाबीनमध्ये वीतभर उंचीची, पानांखाली बारीक आवळ्यांची रांग असलेली ही वनस्पती तण म्हणून खुरपली जाते. काविळीवर ती पिढ्यान्‌पिढ्या दिली जाते. हिची दखल घेणाऱ्यांत खुद्द ब्लूमबर्ग होते! मद्रासच्या एस. पी. त्यागराजन आणि सहकाऱ्यांनी ब्लूमबर्ग यांच्यासह १९८८ साली 'लॅन्सेट' या नामवंत नियतकालिकात निबंध प्रसिद्ध केला. बी विषाणूच्या ३७ वाहकांना तीस दिवस भुईआवळीचे चूर्ण दिले, त्यातल्या २२ जणांच्या रक्तातून तो अँटीजेन नाहीसा झाला. ज्यांना नुसतीच दिखाऊ पूड दिली त्या २३ जणांत तसे फक्त एकाचे झाले. जगभर खळबळ उडाली. मग थायलंडमध्ये आणि न्यूझीलंडमध्ये तसेच प्रयोग झाले. तिथे मात्र गुण दिसला नाही. २०११ साली अशा सर्व प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला गेला, त्यातही भुईआवळीने हा विषाणू हटतो असा खात्रीलायक पुरावा मिळाला नाही.

यात शास्त्रज्ञांनी आयुर्वेदाचा अपमान केला असे समजू नका. त्यांनी गावातल्या पाल्याला मान दिला, म्हणूनच तर तपासला. आणि तपासल्यावर जे आले ते मान्य केले, मग ते नोबेल मिळवणाऱ्याच्या नावावरचे का असेना. कालामांना भगवंतांनी हाच मार्ग सांगितला होता. परंपरेने चालत आले म्हणून किंवा मोठा माणूस सांगतो म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या.

मग बाबांच्या औषधाने गुण कसा येतो? उत्तर आपण वर पाहिलेल्या हिशेबातच आहे. गावात येणारी बहुतेक कावीळ पाण्यातून आलेली, ती विश्रांतीने आपोआप उतरते. प्रौढाला झालेली बी ची कावीळही शंभरात पंच्याण्णव वेळा आपोआप जाते. त्या काळात जे काही घेतले त्याला श्रेय मिळते. पाऊस पडणारच होता, बेडकाचे लग्न लावणारा म्हणतो, माझ्यामुळे पडला. आमच्या बंधूंना औषध देणाऱ्या बाबांनी पैसा घेतला नाही, फसवण्याचा त्यांचा हेतू नव्हता. पण पांढऱ्या झालेल्या डोळ्यांनी आम्हाला गाफील केले. त्या चार वर्षांत एकदाही रक्त तपासावे असे कोणाच्या मनात आले नाही. पाला पोटात गेला त्याचे आम्हाला दुःख नाही, वेळ हातचा गेला त्याचे आहे.

शिवाय झाडपाला म्हणजे निर्धोक, हाही भ्रमच. करोनाच्या काळात लोकांनी गुळवेलीचे काढे मनमुराद प्यायले. मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ साली अशा सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, ज्यांच्या यकृताला गुळवेल घेतल्यानंतर इजा झाली होती. आयुष मंत्रालयाने हा निष्कर्ष मान्य केला नाही. वाद असेल, पण ज्याचे यकृत आधीच दुखावले आहे त्याने तरी कोणताही काढा डॉक्टरला सांगितल्याशिवाय घेऊ नये, एवढे शहाणपण दोन्ही बाजूंना मान्य व्हावे. देवडांगरीचे थेंब नाकात टाकतात आणि नाकातून पिवळे पाणी गळते, ते पाहून लोक म्हणतात 'कावीळ गळाली.' ती कावीळ नव्हे, तिखट रसाने नाकाची आतली त्वचा भाजते आणि पाणी सुटते. हातावर आंब्याच्या सालीचा रस लावून चुन्याच्या पाण्यात हात धुतले की पाणी पिवळे होते. निरोग्याने धुतले तरी होते. अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीचे कार्यकर्ते हा प्रयोग गावोगाव करून दाखवतात. विद्यार्थ्यांनी तो शाळेत करून पाहावा. काविळीची माळ आणि पोटावर-मनगटावर दिलेले डाग यांचीही तीच गत. डागाने तर जखम चिघळते ती वेगळीच.

उपचार आहे, घाबरू नका

अंगात मुरलेला बी विषाणू पूर्णपणे काढून टाकणारे औषध अजून हाती आलेले नाही. पण त्याला दाबून ठेवणाऱ्या टेनोफोविर, एन्टेकाविर यांसारख्या गोळ्या आहेत, बहुधा रोज एक. प्रत्येकाला त्या लागतातच असे नाही. कोणाला लागतात ते विषाणूची संख्या, यकृताच्या तपासण्या आणि सोनोग्राफी पाहून डॉक्टर ठरवतात. २८ जुलै २०१८ रोजी केंद्र सरकारने राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. त्याखाली तपासणी आणि औषधे सरकारी केंद्रांत मोफत आहेत. आपल्यासाठी परभणीचे सरकारी रुग्णालय आहे, तिथे जाऊन चौकशी करावी. एक इशारा मात्र देतो. सुरू केलेल्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. दबलेला विषाणू एकदम उसळतो आणि यकृत कोसळू शकते.

आम्ही दर सहा महिन्यांनी तपासणी करतो. कामावर जातो, हिशेब लिहितो, आज आपल्यासमोर उभे आहोत. पत्नीने लसीचे तीन डोस घेतले, पहिला, एक महिन्याने दुसरा आणि सहा महिन्यांनी तिसरा. हा आजार असलेल्या मुलाचे किंवा मुलीचे लग्न होऊ शकते, संसार होऊ शकतो. जोडीदाराला खरे सांगावे आणि लस द्यावी, एवढेच.

आपण काय करावे

शेवटी, घरी जाताना एवढ्या गोष्टी बरोबर न्याव्यात.

१. प्रत्येक गरोदर बाईची एचबीएसएजी तपासणी व्हावी आणि बाळाला चोवीस तासांत लस मिळावी. सासूबाईंनी आणि आजीबाईंनी हे स्वतः विचारून घ्यावे.

२. ज्यांचा जन्म लस सरकारी कार्यक्रमात येण्यापूर्वीचा आहे, त्यांनी एकदा रक्त तपासावे. घरात कोणाला हा आजार असेल, तर सर्वांनीच तपासावे आणि निर्मळ असलेल्यांनी लस घ्यावी.

३. इंजेक्शन घेताना सीलबंद सुई डोळ्यांदेखत फोडायला सांगावी. गोळीने भागत असेल तर सुईचा हट्ट धरू नये. दाढीला नवे ब्लेड मागावे. हे मागताना लाजू नये.

४. रक्तपेढीचा निरोप आला तर टाळू नये. तो निरोप शिक्षा नव्हे, सावधगिरीची सूचना आहे.

५. पंचशीलातले पाचवे शील पाळावे. यकृत दुखावलेल्या माणसाला दारू म्हणजे विष. आणि तिसरे शीलही पाळावे, त्यात नीतीबरोबर आरोग्यही आहे.

६. झाडपाला घेतला असेल तर डॉक्टरपासून लपवू नये. आणि रक्ताचा अहवाल झाडपाला देणाऱ्यापासूनही लपवू नये.

७. कोणाचाही पेला वेगळा ठेवू नये.

संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना एक विनंती. दरवर्षी जयंतीला आपण मिरवणूक काढतो, अन्नदान करतो, रक्तदान करतो. त्याला जोडून एक दिवस रक्ततपासणीचा ठेवावा. आरोग्य केंद्राला पत्र दिले तर मदत मिळेल. अहवाल गुप्त राहील, ही जबाबदारी मात्र आपण घेतली पाहिजे, नाहीतर लोक येणार नाहीत. पहिल्या रांगेत आम्ही उभे राहू. आमचा अहवाल गुप्त ठेवण्याची गरज आता उरलेली नाही.

आमच्या आईचे वय आता सत्तरीच्या पुढे आहे. आज तिला बरोबर आणले आहे, त्या तिकडे भिंतीशी बसल्या आहेत. आई, तुझा थोरला पीत नव्हता. हे आता सगळ्यांना सांगितले आहे.



नमो बुद्धाय! जयभीम!